ब्रेस्ट कॅन्सर झालाय आणि गर्भपिशवीही काढलीय, अशा बायकांसाठी मेनोपॉज क्लिनिक: माझा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, आधी हे कोणासाठी लिहितेय ते सांगते. ज्या बाईला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय, तोही हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), आणि वर जिची गर्भपिशवीही काढलेली आहे, तिला त्रास सुरू झाला की जायचं कुठे हेच कळत नाही. कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात रिपोर्ट छान आहेत, गोळी चालू ठेवा. गायनॅक मॅडम म्हणतात, हे तुमच्या ऑन्कोना (म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारा. आणि इकडे बाई रात्री घामाने चिंब होऊन उठतेय, सांधे धरलेत, नवऱ्याने जवळ यायचं म्हटलं तरी पोटात गोळा येतोय, आणि हे बोलायचं कोणाशी तर कोणाशीच नाही. कॅन्सर सेंटरला जोडून जी मेनोपॉज क्लिनिक्स असतात तशा एका ठिकाणी मी बरेच दिवस जातेय, त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाहीये, कारण जे सांगायचंय ते अशा कुठल्याही क्लिनिकला लावून बघता येईल.

माझी केस थोडक्यात. आधी पिशवी काढली, फायब्रॉइड्स होते आणि एंडोमेट्रिओसिसही होता, म्हणून दोन्ही ओव्हरीज पण काढल्या. त्यामुळे पाळी हळूहळू जाण्याचा जो काळ बाकीच्या बायकांना मिळतो तो मला मिळालाच नाही, एकदम धाडकन मेनोपॉज. तेव्हा इस्ट्रोजेनचा पॅच दिला होता आणि खरं सांगते, त्या पॅचवर मी खूप छान होते, झोप, मूड, सगळं. मग काही वर्षांनी डाव्या बाजूला गाठ निघाली, ईआर पीआर (म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन पकडणारे पेशीवरचे रिसेप्टर) दोन्ही पॉझिटिव्ह, पॅच त्याच दिवशी बंद, ऑपरेशन, रेडिएशन आणि नंतर लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम रोज एक. म्हणजे ओव्हरीज नाहीत, पॅच नाही आणि अंगातली चरबी वगैरे जे थोडंफार इस्ट्रोजेन बनवते तेही ही गोळी बंद पाडते. सगळे दरवाजे एकदम बंद.

(ज्यांची फक्त पिशवी काढलीय आणि ओव्हरीज ठेवल्यात त्यांचं वेगळं असतं हं. पाळी थांबते पण ओव्हरीज काम करत राहतात. त्यामुळे आपल्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी शोधून काढा आणि नक्की काय काय काढलंय ते वाचा, कितीतरी बायकांना ते माहीतच नसतं.)

क्लिनिकमधे जायच्या आधी मी एका ऑनलाइन हार्मोन सर्व्हिसकडे गेले होते, त्याबद्दल लिहिलंच पाहिजे कारण खूप बायका तिकडेच जातात. त्यांचा फॉर्म असतो, घरी येऊन रक्त घेऊन जातात, मग व्हिडिओ कॉल. फॉर्ममधे गर्भपिशवी आहे का हा प्रश्न अगदी वर होता, त्यावर नाही म्हटलं की पुढे हिरव्या चौकटीत लिहून येतं की अभिनंदन, तुम्हाला प्रोजेस्टेरॉनची (पिशवीच्या अस्तराच्या बचावासाठी देतात ते हार्मोन) गरज नाही, फक्त इस्ट्रोजेन चालेल आणि तेच सगळ्यात सुरक्षित. कॅन्सरचा प्रश्न पार खाली, एकच चौकोन, कुठला कॅन्सर, रिसेप्टर काय, आत्ता कुठली गोळी चालू आहे, काही काही विचारलेलं नाही. मी चौकोनात टिक केली, तरी कॉल झाला, आणि कॉलवरच्या बाईंनी माझा रिपोर्ट स्क्रीनवर दाखवला, त्यात इस्ट्रॅडिऑलच्या (म्हणजे अंगातलं मुख्य इस्ट्रोजेन) पुढे लाल अक्षरात 'कमी' लिहिलेलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यात इस्ट्रोजेनची खूपच कमतरता आहे, म्हणून हे सगळं होतंय, आपण नॅचरल बायोआयडेंटिकल पेलेट टाकूया." मी म्हटलं मी लेट्रोझोल घेते. तर म्हणाल्या, "हो का, चालेल, ट्रीटमेंट संपलीये ना तुमची?"

मला इतका राग आला होता. लेट्रोझोल घेणाऱ्या बाईचं इस्ट्रॅडिऑल कमी येणार नाही तर काय होणार, त्याचसाठी तर ती गोळी आहे! तो लाल आकडा म्हणजे गोळी आपलं काम करतेय, त्याला कमतरता म्हणून पेलेट टाकायचं म्हणजे एका हाताने पाणी बंद करायचं आणि दुसऱ्या हाताने नळ सोडायचा. आणि पेलेट ही कातडीखाली बसवायची गोळी असते, एकदा बसवली की ती महिनोन् महिने सोडत राहते, पॅचसारखी उद्या काढून टाकता येत नाही. नॅचरल म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, पण इस्ट्रॅडिऑल ते इस्ट्रॅडिऑलच, कॅन्सरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला ते कुठून आलं याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्या सर्व्हिसला एक स्टारसुद्धा नाही. बाकी ज्या बायकांना कॅन्सर नाही त्यांच्यासाठी ती कशी आहे मला माहीत नाही, पण जी सर्व्हिस ब्रेस्ट कॅन्सर असं लिहिल्यावर थांबून चार प्रश्न विचारत नाही, तिच्यापासून आपल्यासारख्यांनी लांबच राहावं.

आता क्लिनिक. पहिल्याच भेटीत तिथल्या डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट केली ज्यासाठी मी त्यांना चार स्टार आधीच देऊन टाकले. त्यांनी दोन फायली मागितल्या, पिशवीच्या ऑपरेशनची आणि कॅन्सरची, आणि दोन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. पॅथॉलॉजी रिपोर्ट स्वतः वाचला, ओव्हरीज काढल्यात ना ते तपासलं, लेट्रोझोल कधीपासून, हाडांची डेक्सा (घनता मोजायची तपासणी) कधी झाली, बीपी किती, रक्ताच्या गुठळ्या कधी झाल्या होत्या का, घरात कोणाला ओव्हरीचा किंवा ब्रेस्टचा कॅन्सर होता का, बीआरसीए (घराण्यात चालत येणाऱ्या कॅन्सरच्या जीनची) टेस्ट केली का. मग विचारलं, "ताई, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो ते सांगा, रिपोर्टमधलं नको, तुमचं सांगा." मला रडू आलं तिथेच. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

माझ्या मनात दोन प्रश्न होते आणि दोन्ही मी एका दमात विचारले. एक, तो पॅच लावला म्हणून मला कॅन्सर झाला का? आणि दोन, जर पॅचमुळे झाला नसेल तर तोच परत का लावू नये, पिशवी तर नाहीच आहे?

त्यांनी कागद घेतला, मधे एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'कॅन्सर झालेला नाही', उजवीकडे 'कॅन्सर झालेला आहे'. आणि म्हणाल्या, लोकांचा सगळा घोळ ही रेघ न बघितल्यामुळे होतो.

डावीकडे त्यांनी अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचा अभ्यास लिहिला. त्याचे दोन भाग होते. पिशवी असलेल्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) दोन्ही दिलं, तो भाग २००२ साली मधेच थांबवला कारण ब्रेस्ट कॅन्सर वाढताना दिसला, आणि त्या बातमीने जगभरातल्या बायकांनी हार्मोन्स फेकून दिले. दुसऱ्या भागात पिशवी काढलेल्या १०,७३९ बायका होत्या, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन किंवा खोटी गोळी. तो भाग २००४ साली थांबवला पण तो स्ट्रोकच्या धोक्यामुळे, ब्रेस्ट कॅन्सर मात्र त्यात वाढला नाही, उलट पुढे बरीच वर्षं पाठपुरावा केला आणि २०२० साली जे छापून आलं त्यात इस्ट्रोजेनवाल्या गटात ब्रेस्ट कॅन्सर कमीच निघाला. त्या ऑनलाइन फॉर्ममधली हिरवी चौकट इथूनच आलेली आहे. मॅडमनी हेही सांगितलं की सगळं काही इतकं सरळ नाही, २०१९ साली लॅन्सेटमधे ५८ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा नुसत्या इस्ट्रोजेननेही थोडा धोका वाढलेला दिसला, दोन्ही हार्मोन्सपेक्षा बराच कमी, पण दिसला. म्हणून एका बाईपुरतं बोट दाखवून सांगता येत नाही की ह्याच्यामुळे झाला, पण "तुम्ही पॅच लावून काहीतरी गुन्हा केलात असं मनात असेल तर ते काढून टाका, त्यावेळी तुमच्या वयात ओव्हरीज काढल्यावर हाडांसाठी आणि हृदयासाठी तो द्यायलाच हवा होता." माझ्या मनावरचं केवढं ओझं उतरलं हे मी लिहून सांगू शकत नाही.

मग उजवी बाजू. विमेन्स हेल्थच्या अभ्यासात ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे तिथली चांगली बातमी ही रेघ ओलांडून इकडे आणताच येत नाही. इकडच्या बायकांवर वेगळे अभ्यास झालेत. स्वीडनमधून सुरू झालेला हॅबिट्स नावाचा अभ्यास, त्यात कॅन्सर होऊन गेलेल्यांपैकी निम्म्या बायकांना हार्मोन थेरपी दिली आणि निम्म्यांना नाही. तो २००३ च्या शेवटी थांबवावा लागला. २००८ साली आकडे आले त्यात हार्मोन घेणाऱ्या २२१ पैकी ३९ जणींना ब्रेस्ट कॅन्सर परत आला किंवा नवा झाला, न घेणाऱ्या २२१ पैकी १७ जणींना. स्टॉकहोमच्या दुसऱ्या अभ्यासात अशी वाढ दिसली नाही, तिथे प्रोजेस्टिन कमी वापरलं होतं, पण तोही मधेच थांबवला गेल्यामुळे त्याच्या भरवशावर कोणी हो म्हणत नाही. आणि टिबोलोन म्हणून जी गोळी आहे, जी हार्मोनसारखीच काम करते, तिचा लिबरेट नावाचा मोठा अभ्यास २००९ साली आला, तीन हजारांहून जास्त बायका, गोळी घेणाऱ्यांमधे कॅन्सर परत येण्याचं प्रमाण १५.२ टक्के आणि न घेणाऱ्यांमधे १०.७ टक्के. हे सगळं त्यांनी त्याच कागदावर लिहून दिलं, तो कागद माझ्या फाईलमधे आहे अजून, घरच्यांना समजवायला तोच काढते.

हे इतकं लांबण लावून लिहिलं कारण मधे नोव्हेंबर २०२५ मधे अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मेनोपॉजच्या हार्मोन्सवरची ती काळ्या चौकटीतली धोक्याची मोठी सूचना बरीचशी काढायचं जाहीर केलं, आणि लगेच आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड सुरू, बघा आता हार्मोन्स सेफ आहेत, कशाला त्रास काढतेस. ज्यांना कॅन्सर झालेला नाही अशा बायका उगाच घाबरून बसल्या होत्या, त्यांच्यासाठी ते चांगलंच झालं, मला मनापासून बरं वाटलं. पण ज्यांना ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांना हे देऊ नका, हे त्याने बदललेलं नाही. तो फॉरवर्ड कागदाच्या डाव्या बाजूचा आहे. आपण उजव्या बाजूला आहोत.

बरं, मग नाही म्हणून सोडून दिलं का? नाही, आणि हेच ह्या क्लिनिकचं खरं काम आहे. पॅच नाही म्हटल्यावर त्या तिथे थांबल्या नाहीत.

गरम वाफांसाठी त्यांनी व्हेनलाफॅक्सिन दिली, आधी ३७.५ मिलिग्रॅम, मग ७५. ही डिप्रेशनची गोळी आहे हे चिठ्ठी बघून माझ्या मुलीला कळलं आणि ती घाबरली, पण मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की कमी डोसला ती मेंदूतल्या तापमानाच्या केंद्रावर काम करते, तुम्हाला वेडबीड समजून दिलेली नाहीये. सुरुवातीला मळमळ आणि तोंडाला कोरड, ती गेली. वाफा पूर्ण गेल्या नाहीत, पण निम्म्याहून कमी झाल्या आणि मुख्य म्हणजे रात्रीची चादर बदलायची वेळ येत नाही. ही गोळी एकदम बंद करायची नसते, चक्कर, अंगात विजेसारखे झटके असं काय काय होतं, आणि बीपी बघत राहावं लागतं. ज्यांना हे सोसत नाही त्यांना रात्री गॅबापेंटिन देतात, झोप न येणाऱ्यांना तीच जास्त बरी पडते म्हणे, आणि ऑक्सिब्युटिनिन, जी खरं तर लघवीच्या घाईची गोळी आहे, तीही चालते. एक महत्त्वाचं, टॅमॉक्सिफेन (लेट्रोझोलसारखीच ब्रेस्ट कॅन्सरसाठीची दुसरी गोळी) घेणाऱ्यांनी पॅरोक्सेटिन (हीही डिप्रेशनची गोळी) घेऊ नये, कारण टॅमॉक्सिफेनचं शरीरात ज्या एन्झाइममुळे खऱ्या औषधात रूपांतर होतं तेच एन्झाइम पॅरोक्सेटिन अडवते. माझ्याबरोबर वेटिंगमधे बसणाऱ्या एका ताईंना बाहेरून नेमकी तीच मिळालेली होती, इथे आल्यावर बदलली. दोन डॉक्टर एकमेकांच्या चिठ्ठ्या बघत नाहीत तेव्हा असं होतं.

नवीन औषधांचंही मी विचारलं, त्याचं उत्तर मला फार आवडलं कारण ते मोघम नव्हतं. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतल्या काही पेशी नको इतक्या जाग्या होतात आणि तापमानाचं गणित बिघडवतात, ही औषधं त्या पेशींचा सिग्नल अडवतात, त्यात हार्मोन अजिबात नाही. फेझोलिनेटंट २०२३ साली अमेरिकेत मंजूर झाली, पण तिच्या मुख्य अभ्यासांमधे ब्रेस्ट कॅन्सरवाल्या बायका नव्हत्या आणि २०२४ च्या डिसेंबरमधे लिव्हरबद्दल काळ्या चौकटीची सूचना आली, त्यामुळे लिव्हरच्या टेस्ट करत राहाव्या लागतात. दुसरी एलिनझेनेटंट, हिचा एक अभ्यास खास आपल्यासारख्यांवरच झालाय, टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी चालू असलेल्या बायकांवर, तो २०२५ साली छापून आला, वाफा चांगल्या कमी झाल्या, झोप येणं आणि थकवा हे त्रास दिसले. मॅडम म्हणाल्या व्हेनलाफॅक्सिनवर भागतंय तोवर भागवू, नाही भागलं तर ह्याचा विचार करू. ठीक आहे. सीबीटी म्हणजे बोलून करायची थेरपीही सुचवली, तिचा वाफांच्या त्रासासाठी उपयोग होतो असं नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ साली लिहिलंय, पण त्याच यादीत जडीबुटीच्या सप्लिमेंट्सना नाही म्हटलंय.

आता कोरडेपणा. ह्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी सविस्तर लिहिणार आहे, ज्यांना नको त्यांनी पुढचं सोडून द्या.

लेट्रोझोलवर योनीमार्ग इतका कोरडा आणि पातळ होतो की नुसतं चालतानाही चरचरतं, लघवीला जळजळ होते, इन्फेक्शन नसताना इन्फेक्शनसारखं वाटतं आणि मधूनमधून खरंच होतं पण. नवऱ्याजवळ जायचं तर काचा टोचल्यासारखं. क्लिनिकमधे एक नर्स मॅडम आहेत, त्यांनी दार बंद करून, मॉडेल हातात घेऊन सगळं समजावलं. मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉइश्चरायझर संबंध असो नसो आठवड्यातून तीनदा तरी लावायचं, सुरुवातीला त्याहून जास्त, आणि ल्युब्रिकंट फक्त त्या वेळेपुरतं. मला हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल दिलं, सोबत सुईशिवायच्या सिरिंजसारखा अॅप्लिकेटर. रात्री झोपताना, पाय मुडपून, अॅप्लिकेटर आडवा ठेवून पाठीच्या दिशेने सारायचा, वरच्या दिशेने नाही, ही एवढीशी गोष्ट कोणी सांगितली नसती तर मी पहिल्याच दिवशी सोडून दिलं असतं. आणि फक्त आत नाही, बाहेरच्या तोंडाशीही बोटाने लावायचं, कारण खरं दुखतं ते तिथेच. सकाळी थोडं बाहेर येतं, पातळ लायनर लावला की झालं. दोनचार दिवसांत काही होत नाही, धीर धरावा लागतो, पण काही आठवड्यांनी चालतानाची चरचर गेली. जेल घेताना सुगंधी, गरम करणारं, झिणझिण्या आणणारं असलं काही घ्यायचं नाही, ग्लिसरीन कमी असलेलं बघायचं, कारण ग्लिसरीनसारखं खूप विरघळवलेलं दाट जेल असेल तर ते उलट पेशींमधलं पाणी ओढून घेतं. ऑस्मोलॅलिटी असा आकडा असतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे तो १२०० च्या खाली हवा. पाकिटावर नसतो बहुतेक वेळा, नर्स मॅडमकडे यादी होती.

आणि अजून एक, ज्याने आमचं दोघांचं आयुष्य सोपं केलं. ४ टक्क्यांचं लिडोकेनचं पाण्यासारखं द्रावण, कापसाच्या बोळ्यावर घेऊन योनीच्या तोंडाशी तीन मिनिटं धरायचं, मग संबंध. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांवरच ह्याचा अभ्यास झालाय, २०१५ साली आलेला. माझ्या मनात होतं की सगळंच बधिर होईल, तसं नाही होत, फक्त ती आग जाते. मॅडमनी माझ्या नवऱ्यालाही आत बोलावून बसवलं आणि सरळ सांगितलं, "ह्यांना नको असतं असं समजू नका, ह्यांना दुखतं." हे एक वाक्य आमच्या घरात कितीतरी वर्षं बोललंच गेलं नव्हतं.

जेलने सगळ्यांचं भागत नाही, मग योनीत लावायच्या इस्ट्रोजेनचा प्रश्न येतो, क्रीम किंवा बारीक गोळी. हे पॅचसारखं अंगभर जात नाही, डोस अगदी कमी असतो, म्हणून इथे सरसकट नाही म्हणत नाहीत. इंग्लंडच्या बाजूचा, म्हणजे स्कॉटलंड आणि वेल्समधला ४९ हजारांवर बायकांचा अभ्यास २०२३ साली आला, त्यात योनीतलं इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांमधे ब्रेस्ट कॅन्सरने मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. पण डेन्मार्कच्या २०२२ च्या अभ्यासात एक मेख आहे, एकंदरीत कॅन्सर परत येणं वाढलं नाही, पण ज्या लेट्रोझोलच्या जातीच्या गोळ्या घेत होत्या त्यांच्यात परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, मृत्यू वाढले नाहीत तरी. मी त्याच गटातली. म्हणून माझ्यासाठी क्रम असा ठरला, आधी जेल आणि लिडोकेन, पेल्विक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंची) फिजिओ, आणि एवढं करूनही नाहीच जमलं तर ऑन्कोंशी बोलून लेट्रोझोलऐवजी टॅमॉक्सिफेन करता येतं का बघायचं आणि मग क्रीम. कारण टॅमॉक्सिफेन रिसेप्टरवरच बसून राहते, थोडंसं इस्ट्रोजेन रक्तात गेलं तरी त्याला जागा मिळू देत नाही. आणि टॅमॉक्सिफेनने गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होण्याची जी भीती असते ती माझ्या बाबतीत उरतच नाही, पिशवीच नाही. रक्ताच्या गुठळ्यांची भीती मात्र राहते, ते वेगळं बघावं लागतं. बघा, पिशवीची फाईल अशी इथे कामाला आली. हे सगळं त्यांनी ऑन्कोंना पत्र लिहून कळवलं, मला निरोप्या व्हावं लागलं नाही.

लेसरबद्दल विचारलं तर नको म्हणाल्या, खोट्या लेसरशी तुलना करून जो अभ्यास २०२१ साली झाला त्यात फरक दिसला नाही आणि एफडीएने २०१८ सालीच अशा मशीनच्या जाहिरातींबद्दल सावध केलं होतं. बाहेर ह्याचे पॅकेज विकतात, त्यामुळे लिहिलं.

हाडांचं पटकन लिहिते. ओव्हरीज नाहीत आणि वर लेट्रोझोल, म्हणजे हाडं झिजणारच, डेक्सा केली, हाडं टिकवायला सहा महिन्यांनी एक असं झोलेड्रॉनिक ॲसिड सुरू झालं. त्याआधी दात तपासून घ्या म्हणाले. ज्यांना डेनोसुमॅबचं (हेही हाडांसाठीच) इंजेक्शन चालू आहे त्यांनी त्याची तारीख अजिबात चुकवू नका, उशीर झाला तर मणक्याची हाडं मोडू शकतात. सांधेदुखीला नियमित व्यायामाने खरंच फरक पडतो, मी चालते आणि थोडं वजन उचलते.

आता तो अर्धा स्टार. फिजिओची अपॉइंटमेंट मिळायला फारच वेळ लागतो, एकच फिजिओ आहे आणि सगळ्या क्लिनिकच्या बायका तिच्याकडे. वेटिंग एरिया केमोच्या डे केअरला लागून आहे, ट्रीटमेंट संपवून आलेल्या बाईला परत तो वास आणि त्या खुर्च्या बघत बसावं लागतं, हे बदलायला हवं, मी लेखी दिलंय. आणि फोनवर जे बसतात त्यांना हे क्लिनिक कशासाठी आहे हेच नीट माहीत नाही, मला आधी गायनॅक ओपीडीला पाठवलं होतं. आणि मॅडम एकट्याच आहेत, त्या रजेवर गेल्या की जे दुसरे डॉक्टर बसतात ते सगळं ऑन्कोंवर ढकलतात, म्हणजे परत पहिले पाढे पंचावन्न.

जाताना हे सोबत घ्या: दोन्ही ऑपरेशनच्या डिस्चार्ज समऱ्या, बायोप्सी आणि रिसेप्टरचा रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांचे फोटो (सप्लिमेंट्सचे सुद्धा, लपवू नका), जुनी डेक्सा असेल तर ती. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे रिसेप्टर नसलेला कॅन्सर) असाल किंवा बीआरसीएमुळे ओव्हरीज काढल्या असतील तर तुमचं गणित माझ्यापेक्षा वेगळं निघेल, माझ्या गोळ्या बघून काही ठरवू नका, पण क्लिनिकला मात्र जा. नवरा येत असेल तर घेऊन जा, दुसऱ्या भेटीला आणला तरी चालतो. आणि निघताना व्हेनलाफॅक्सिनची पुढच्या भेटीपर्यंत पुरेल अशी चिठ्ठी मागून घ्या, ती आपणहून देत नाहीत आणि मधेच संपली तर फार त्रास होतो.